वाळवी कुणी आणली?



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "वाळवी." फोनवर थोडा वेळ शांतता. मग त्यांनी अदबीनं विचारलं, "सर, म्हणजे रूपक म्हणून ना? समाजाला लागलेली वाळवी वगैरे?" म्हटलं, नाही हो, खरीखुरी. लाकूड खाणारी, मातीच्या नळ्या बांधत भिंतीवर चढणारी. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे रूपकांचा पुष्कळ व्यापार केला. आता एखाद्या खऱ्या वस्तूबद्दल बोलावंसं वाटतं.

मूळ कारण मात्र घरगुती आहे. कराडजवळ आमचं जुनं घर होतं. वडील, म्हणजे अण्णा, थोरले, काका धाकटे, सगळं एकत्र. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल. पाटण खोऱ्यात घरंच्या घरं बसली. पुढे काही महिन्यांनी त्या पडक्या घरांचं लाकूड स्वस्तात विकायला निघालं. काकांनी आठ तुळया घेतल्या, बैलगाडीनं आणल्या, आणि माजघराचा माळा नव्यानं घातला. सहा-सात वर्षं गेली. एका पावसाळ्यात अण्णांनी माजघराच्या दाराच्या चौकटीवर सहज अंगठा टेकवला तर तो आत गेला. वरचा रंग शाबूत, आत नुसती माती. भिंतीतलं फडताळ उघडलं. आजोबांच्या रोजकीर्दीच्या वह्या तिथं होत्या. पुठ्ठे जागच्या जागी, मधली पानं नाहीशी.

घरात पहिला प्रश्न निघाला तो "आता काय करायचं" हा नव्हे. पहिला प्रश्न होता, "ही कुणी आणली?" अण्णांनी काकांकडे बोट दाखवलं. दुसऱ्याच्या पडलेल्या घराचं लाकूड, त्यात तळतळाट आणि त्यात कीड. पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली. अण्णा १९८९ ला गेले, तोवर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

या प्रश्नाला घेऊन आज मी तुम्हाला फार लांब नेणार आहे. दक्षिण अटलांटिक महासागरात सेंट हेलेना नावाचं एक बेट आहे. तिथं एका अख्ख्या गावानं हाच प्रश्न विचारला होता, आणि तिथला इतिहास बराचसा लिहिलेला आहे.

सेंट हेलेना म्हटलं की आपल्याला नेपोलियन आठवतो. तो तिथं कैदेत होता आणि ५ मे १८२१ ला तिथंच वारला. बेट जेमतेम १२२ चौरस किलोमीटर. आफ्रिकेचा किनारा १,९०० किलोमीटर लांब, ब्राझील त्याहूनही दूर. पोर्तुगीजांना ते १५०२ मध्ये सापडलं, १६५९ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होतं. हिंदुस्थानातून परतणारी जहाजं पाणी भरायला तिथं थांबत.

आता बघा, माणूस पोचला तेव्हा या बेटावर दाट झाडी होती. तिथला शिसवी, तिथला रेडवुड, जगात दुसरीकडे कुठे नाहीत अशी झाडं. पोर्तुगीजांनी शेळ्या सोडल्या, त्यांनी रोपटी खाल्ली. कंपनीच्या लोकांनी मोठी झाडं जळणासाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी तोडली. डार्विन जुलै १८३६ मध्ये तिथं उतरला तेव्हा मूळची झाडी अगदी थोडी उरली होती, आणि त्याचा दोष त्यानं शेळ्या-डुकरांकडे दिला. म्हणजे लाकूड बाहेरून आणायचं आणि घर बांधायचं, अशी त्या बेटाची स्थिती झाली. बाहेरून येणारं लाकूड बहुतेक पाइनसारखं, मऊ आणि स्वस्त.

त्यात १८३४ साली कंपनीनं बेट ब्रिटिश सरकारच्या ताब्यात दिलं. कंपनीचा पैसा आटला, कितीतरी नोकर घरी बसले. जेम्सटाउन हे तिथलं एकमेव गाव, दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीत वसलेलं. तिथं चार पैसे वाचवणं हा सगळ्यांचाच प्रश्न होता.

१८४० मध्ये या बेटावर दोन गोष्टी घडल्या. नेपोलियनचं शव फ्रेंचांनी थडग्यातून काढून पॅरिसला नेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट अशी की तिथं नाविक न्यायालय स्थापन झालं. ब्रिटिश आरमार अटलांटिकमध्ये गुलामांची वाहतूक करणारी जहाजं पकडत होतं. त्या जहाजांचा खटला चालवायचा, माणसांना मोकळं करायचं आणि जहाजाची वासलात लावायची, हे काम आता सेंट हेलेनावर आलं.

पुढच्या तीसेक वर्षांत सुमारे २५,००० आफ्रिकी माणसं तिथं उतरवली गेली. ती कोणत्या अवस्थेत आली असतील याची कल्पना करा. सुमारे ८,००० माणसं तिथंच मेली आणि रूपर्ट्स व्हॅली नावाच्या ओसाड घळीत पुरली गेली. जी जगली त्यांतल्या पुष्कळांना वेस्ट इंडीज बेटांवर कराराचे मजूर म्हणून पाठवलं. सुटका झाली, ती उसाच्या मळ्यात. २००८ च्या सुमाराला विमानतळासाठी रस्ता करताना या घळीत ३२५ सांगाडे काढावे लागले. ते पुन्हा पुरले गेले २०२२ साली. मधली इतकी वर्षं खोक्यांत होते. मी वाळवीवर बोलायला उभा आहे हे मला माहीत आहे, पण हे सोडून पुढे जाता येत नाही.

जहाजांचं काय करायचं? विकली तर तोच व्यापारी दुसऱ्या नावानं ती परत घेणार. म्हणून नियम असा की दोषी ठरलेलं जहाज तोडायचं आणि लाकूड लिलावात काढायचं. यात एक बारकावा आहे. जहाजात माणसं सापडली नाहीत तरी सामानावरून ते गुलामवाहू ठरवता येत असे: बेड्या, गरजेपेक्षा जास्त पाण्याची पिंपं, मोठ्या कढया आणि जादा फळ्या. या फळ्या टाकून जहाजाच्या पोटात आणखी एक मजला करायचा आणि त्यावर माणसं कोंबायची. म्हणजे न्यायालयात जो पुरावा, तोच पुढे लिलावातला माल. ज्या बेटावर झाड उरलं नाही आणि खिशात पैसा नाही, तिथं फळ्या स्वस्त मिळाल्या तर कोण नाही म्हणेल? आमच्या काकांनी नाही म्हटलं नाही.

ही जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडली जात, पण त्यांचा धंदा ब्राझीलशी होता. तिकडून निघायचं, अंगोलाच्या किनाऱ्यावर माणसं भरायची, परत तिकडे जायचं. जेम्सटाउनमध्ये तोडलेल्या अशा एका जहाजाच्या लाकडातून ब्राझीलची वाळवी बेटावर उतरली. साल १८४० च्या आसपासचं. हे आपल्याला जॉन चार्ल्स मेलिस या माणसामुळे नीट कळतं. हा बेटावरचा सरकारी सर्वेक्षक होता आणि १८७५ साली त्यानं सेंट हेलेनावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आज शास्त्रज्ञ तिथल्या वाळवीला हेटेरोटर्मिस पर्फिडस म्हणतात. पर्फिडस म्हणजे लॅटिनमध्ये दगाबाज. शास्त्रज्ञही रागावतात तर!

इथं थोडं जीवशास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढचा युक्तिवाद कळणार नाही. इंग्रज तिला पांढरी मुंगी म्हणत. ती मुंगी नाही, तिचं जवळचं नातं झुरळाशी आहे. जमिनीखालच्या वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ते सुकतं, म्हणून तिला कायम ओल लागते. ती मातीत राहते आणि तिथून लाकडापर्यंत मातीचा बोगदा बांधून येते. ओल सोबत घेऊन फिरते म्हणा ना. लाकूड आतून खाते आणि वरची साल ठेवते, कारण तीच तिची भिंत. त्यामुळे आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्याभोवती पंखवाली पाखरं जमतात ती तिचीच, पण त्यांची झेप थोडी. महासागर तिला ओलांडता येत नाही. मग फळीतल्या मूठभर वाळवीपासून वस्ती कशी होते? या जातकुळीत राणी मागे राहिली तरी उरलेल्या पिल्लांतून नवे राजा-राणी तयार होऊ शकतात. ओलसर लाकडाचा एक तुकडा मातीला टेकला की पुरे.

जेम्सटाउनमध्ये ती जमिनीखालून पसरली. काही वर्षं कुणाला पत्ता नाही. मग दारं, खिडक्या, जिने, छपरं बसायला लागली. मेलिसनं नुकसानीचा आकडा ६०,००० पौंड दिला आहे, आणि त्याच्या वर्णनात गाव भूकंपानं उद्ध्वस्त झाल्यासारखं दिसतं. हे वाचताना मला पाटण खोरं आठवलं. सार्वजनिक ग्रंथालयात वाळवी शिरली, आणि मेलिस सांगतो की तिनं धर्मशास्त्राच्या पुस्तकांना विशेष पसंती दिली. ती पुस्तकं कुणी हलवत नसणार, हे माझं स्पष्टीकरण! फार वापरलेल्या पुस्तकाला वाळवी सहसा लागत नाही. हंबोल्टनं दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात नोंदवून ठेवलं आहे की तिथं पन्नास-साठ वर्षांहून जुनी कागदपत्रं क्वचितच सापडतात, कारण वाळवी. इतिहासकाराला काय सापडायचं यातलं थोडंफार तिनं आधीच ठरवलेलं असतं.

पुनर्बांधणी १८६० च्या दशकात जोरात झाली. सर चार्ल्स एलियट १८६३ पासून तिथं गव्हर्नर होता. पहिल्या अफूच्या युद्धात हाँगकाँग घेणारा तोच हा. गावाची नवी मंडई लोखंडाची केली गेली, इंग्लंडात तयार करून आणलेली. नेपोलियनचं लाँगवुडचं घर तेव्हा वाचलं, पण वाळवीनं त्यालाही सोडलं नाही. विसाव्या शतकात फ्रेंचांना त्याचा बराचसा भाग नव्यानं उभारावा लागला.

तर मग, वाळवी कुणी आणली? गावाचं उत्तर सोपं होतं: जहाजानं.

माझा पिंड नैयायिकाचा नाही, पण नोकरीत न्यायदर्शन शिकवावं लागलं, आणि त्यातला एक दृष्टांत डोक्यातून जात नाही. नैयायिक विचारतात, घड्याचं कारण कोण? माती, कुंभार, चाक, काठी, हे ठीक. पण घडा होण्याआधी आणखी पुष्कळ गोष्टी हजर असतात. काठीचा रंग असतो. कुंभाराचा बाप होऊन गेलेला असतो. माती वाहून आणणारं गाढवही असतं. ही सगळी कारणं मानायची का? ते म्हणतात, नाही. कारण म्हणायचं तर ती गोष्ट कार्याच्या आधी नेमानं हजर हवी आणि तिच्यावाचून काम अडायला हवं. या घड्याची माती या गाढवानं आणली हे खरं, पण गाढवाशिवायही घडे होतात. असल्या गोष्टीला ते अन्यथासिद्ध म्हणतात. भाषापरिच्छेदात याचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात शेवटी हे बिचारं गाढव उभं आहे. विद्यार्थी हसायचे. मीही हसायचो.

आता ते जहाज घ्या. ते नसतं आलं तर? त्याच बंदरात तशी कितीतरी जहाजं तोडली गेली, सगळी त्याच मार्गावरची. यानं नाही तर पुढच्यानं आणली असती. म्हणजे ते एकटं जहाज म्हणजे गाढव. पण गुलामांचा व्यापार हे गाढव नव्हे. तो काढून टाका; ब्राझील आणि अंगोलाच्या मध्ये त्या बेटावर फळ्यांचे ढीग लागण्याचं कारणच उरत नाही. उघडं पडलेलं बेटही गाढव नव्हे. झाडी टिकली असती तर लिलावाला इतकी गर्दी कशाला झाली असती? आणि मऊ लाकूड मातीला टेकवून बांधायची पद्धत, तीही नव्हे. सागाच्या गाभ्यात अशी द्रव्यं असतात की वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. पाइन तिला पक्वान्न.

नैयायिक इथं मला अडवतील, कारण त्यांचा नियम सर्व घड्यांसाठी आहे आणि इतिहासाला एकच घडा सांगायचा असतो. हा आक्षेप मला मान्य आहे. इतिहासात ते विशिष्ट जहाज नोंदवावंच लागतं. पण दोष देताना आपण नेमकं गाढवच धरतो हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते दिसतं, ते बोलत नाही, आणि त्याच्या अंगावर माती लागलेली असते.

आमचं घर १९९१ साली पाडलं. मी सुट्टी काढून गेलो होतो. काका सत्तरीला आले होते, ओट्यावर बसून बघत होते. गवंड्यानं माजघराची भिंत उतरवली तेव्हा वाळवीची मोठी वाट उघडी पडली. ती निघाली होती न्हाणीघराच्या फरशीखालून. हे न्हाणीघर १९७० साली माजघराला लागून बांधलं होतं, ते अण्णांनी, आईचे हाल होतात म्हणून. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरत होतं आणि चौकटीचं लाकूड होतं आंब्याचं. काकांच्या आठही तुळया सागाच्या होत्या. एकीलाही दात लागला नव्हता. आमच्या बाबतीत तर गाढवानं मातीसुद्धा वाहिली नव्हती. काका उठून आले, तुळईवरून हात फिरवला आणि गवंड्याला म्हणाले, खिळे नीट काढ बाबा, लाकूड पुन्हा वापरता येईल. मला काही बोलले नाहीत. त्यातल्या दोन तुळया आज माझ्या पुण्याच्या घरात पुस्तकांच्या मांडणीला आहेत.

दोष कुणाला दिला यावर इलाज ठरतो, म्हणून हे सांगतोय. अण्णांनी ठरवलं, दोष लाकडाचा आणि किड्याचा. मग औषध आणलं. गॅमेक्झिनची भुकटी आणि आल्ड्रीन. उघड्या हातांनी भिंतीच्या कडेनं चर भरला. त्याच काळात शेतातही उसाच्या सरीत तीच भुकटी पडत होती. उसाचं कांडं कापून लावतात, त्या कापलेल्या तोंडातून वाळवी शिरते, गाभा खाते आणि पोकळीत माती भरते. डोळा उगवतच नाही. गव्हाचं रोप पिवळं पडतं आणि धरलं की अलगद हातात येतं. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं ती खरवडते, मग आत बुरशी शिरते. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, मी ते कमी लेखत नाही. तिकडे ब्राझीलच्या उसालाही सेंट हेलेनाच्या वाळवीचीच एक बहीण, हेटेरोटर्मिस टेन्युइस, छळते.

आल्ड्रीनचा गुण असा की ते मातीत जाऊन डिल्ड्रीन होतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. वाळवीसाठी ते चांगलं ठरलं ते याच कारणानं, आणि त्यावर बंदी आली तीही याच कारणानं. भारतात आल्ड्रीनवर १९९६ मध्ये आणि गॅमेक्झिन ज्याचं बनतं त्या बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. आमच्या न्हाणीघराची मोरी या सगळ्या काळात तशीच गळत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, कारण गुन्हेगार आधीच सापडला होता.

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. "सर, आमच्या हलक्या रानात उसाला दरवर्षी वाळवी लागते. औषध कोणतं टाकावं?" औषधाचं नाव तुम्ही कृषी विद्यापीठाला विचारा, तो माझा अधिकार नाही. पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. शेणखत कच्चं टाकता का? अर्धवट कुजलेलं खत आणि मागच्या पिकाची धसकटं म्हणजे वाळवीला दिलेलं आमंत्रण. आणि लागणीनंतर पाणी किती दिवसांनी मिळतं? ताण पडलेल्या पिकाला ती आधी गाठते. तुमच्या हलक्या रानात पाणी टिकत नाही, म्हणून तिथं ती जास्त दिसत असेल. बांधावरचं वारूळ पिकापासून लांब असेल तर उगाच फोडत बसू नका. पुष्कळ जातींची वाळवी नुसता पालापाचोळा खाते आणि माती वरखाली करते. चिठ्ठीवर नाव नाही, पण लिहिणारे समोर बसले असतील तर नंतर भेटा, मला तुमच्या खताच्या खड्ड्याबद्दल विचारायचं आहे.